जमिनीचा वापर बदलतो तेव्हा पाण्याचं काय? एका टिपणाची गोष्ट

पाणलोट क्षेत्रात जमिनीचा वापर झपाट्यानं बदलतोय, त्याचा पाण्यावर होणारा परिणाम आवरायला कोणते धोरणात्मक पर्याय आहेत, यावर टिपण तयार करायचं काम माझ्याकडे आलं. पर्यायांची यादी लगेच जमते. खरा वेळ गेला तो नेमका कोणता परिणाम आवरायचा हे ठरवण्यात. पूर, कोरड्या हंगामातला प्रवाह, भूजल, गाळ या सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

बैठकीत आकड्यांशिवाय कुणी ऐकेना, म्हणून मी कर्व्ह नंबर पद्धतीनं साधं गणित मांडलं. कर्व्ह नंबर म्हणजे जमिनीला दिलेला एक आकडा; तो जितका मोठा, तितकं पावसाचं पाणी कमी मुरतं आणि जास्त वाहून जातं. एका वादळात १०० मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. पाणी मुरवणाऱ्या, चांगल्या आच्छादनाच्या जमिनीचा कर्व्ह नंबर ६० धरला तर सुमारे १९ मिलिमीटर पाणी वाहून जातं. तीच जमीन बांधकामाखाली जाऊन नंबर ९० झाला, की सुमारे ७३. पाऊस तोच, पण वाहणारं पाणी जवळपास चौपट. हा फरक पाहिल्यावर 'गटारं मोठी करू' हे उत्तर मागे पडलं आणि पाणी जागच्या जागी जिरवण्याची चर्चा सुरू झाली. जर्मनीत अनेक शहरं पावसाच्या पाण्याचं शुल्क पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रफळावर आकारतात. मला हा पर्याय मनापासून पटला, कारण फरशी उखडून माती मोकळी करणाऱ्याचं बिल खरोखर कमी होतं.

सगळ्यात अवघड गेला तो झाडांचा मुद्दा. झाडं लावली की पाणी वाढतं, ही समजूत फार घट्ट आहे. बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी १९८२ साली ९४ पाणलोटांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, त्यात चित्र उलटं दिसतं: झाडांचं आच्छादन घटलं की वर्षभराचा एकूण प्रवाह वाढतो, वाढलं की घटतो. झाडं पाणी पितात, हे मान्य करायलाच हवं. त्याच वेळी ती माती धरून ठेवतात, गाळ रोखतात. म्हणून उतारांवर आणि नदीकाठी वृक्षाच्छादन राखायचं, पण जिथे पाणी तुटपुंजं आहे तिथे व्यापारी लागवडीला मोकळं रान द्यायचं नाही, अशी शिफारस मी लिहिली. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यात व्यापारी वनलागवड ही प्रवाह घटवणारी कृती मानून तिला परवाना लागू केलेला आहे, तो दाखला इथे कामी आला.

पैशाचा प्रश्न उरलाच. वरच्या भागातल्या शेतकऱ्यानं जमीन जपायची आणि फायदा खालच्या शहरानं घ्यायचा, हे नुसत्या सक्तीनं चालत नाही. न्यूयॉर्क शहरानं १९९७ च्या करारानंतर कॅट्सकिल या डोंगराळ भागातल्या, शहराला पाणी पुरवणाऱ्या पाणलोटात जमिनी विकत घेण्यावर, शेतीतल्या सुधारणांवर आणि सांडपाण्यावर पैसा घातला आणि अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प टाळला. पण तिथे पैसे भरणारं शहर एक होतं, आणि त्याची ऐपतही होती. जिथे असा धनी सापडत नाही तिथे हा पर्याय कागदावरच राहतो, हे मी टिपणात स्पष्ट लिहिलं.

मसुदा फिरताना सर्वाधिक ओढाताण झाली ती एका कलमावर. जमिनीच्या वापराची परवानगी एक खातं देतं, पाण्याचा हिशेब दुसरं ठेवतं, आणि दुसऱ्याला बहुधा परवानगीनंतरच कळतं. परवानगीआधी पाणी खात्याचा अभिप्राय बंधनकारक करा, आणि प्रवाह मोजायचा खर्च परवाना शुल्कातच धरा, असं मी लावून धरलं. पहिली मागणी 'शक्यतो' या शब्दासह राहिली. दुसरी जशीच्या तशी मंजूर झाली.