कापसाची पट्टी

एप्रिल २०२४. लोकसभेच्या मतदानाला आठवडा उरला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फाट्यावर, निवडणुकीच्या काळात गाड्या अडवून रोकड तपासणाऱ्या स्थिर सर्वेक्षण पथकात माझी ड्युटी लागली होती. एरवी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो.

भर दुपारी एक मालवाहू ऑटो थांबवला. मागे रिकाम्या बोऱ्यांवर साठीतले एक काका बसलेले, कानामागे कापसाचा पुंजका चिकटलेला. दुपट्ट्यात गुंडाळलेल्या पिशवीत १ लाख ८ हजार रुपये निघाले. ५० हजारांवर रोकड म्हटली की आम्ही कागद मागायचो. काकांकडे पक्की पट्टी, म्हणजे माल विकल्याची व्यापाऱ्याची पावती, नव्हती; होती कच्ची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली, शिक्का नाही.

"भाव वाढंल म्हनून चार महिने घरात ठेवला कापूस, गुर्जी. पोरीचं लगन हाये."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला होता, पण विश्वासावर पैसे सोडता येत नव्हते. व्यापारी फोन उचलेना. काका मांडवात बसून राहिले, पिशवी टेबलावर, समोर कॅमेरा.

सोबतचे सर नागरिकशास्त्राचे. १५ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायचे कागद, रद्द केले, त्यावरून आमचा वाद सकाळपासून चालू होता. सरांचं म्हणणं, पक्षाला पैसा देणं हे मत मांडणंच आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्यात, ५ विरुद्ध ४ असा का होईना, कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे खर्च करायचा हक्क दिलाच ना? प्रचाराला गाडी लागते, भोंगा लागतो, हे मलाही पटतं. पण उमेदवाराला थेट देणगी द्यायची कंपन्यांना तिथं तेव्हाही बंदी होती, आजही आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाच उठवली. तोट्यातली कंपनीही देणगी देऊ शकत होती आणि एक कोटीचा रोखा कुणी घेतला हे मतदाराला कळायची सोय नव्हती. माहिती मिळणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं कोर्टानं म्हटलं. मला तो निकाल मनापासून पटतो. भोंगा कुणाच्या पैशानं वाजतोय हे कळल्याशिवाय ऐकणाऱ्यानं मत बनवायचं तरी कशावर?

काका ऐकत होते. मधेच म्हणाले, "म्हंजे त्याईले पट्टी दाखवा नव्हती लागत?"

"बँकेला माहीत असायचं, काका," सर म्हणाले.

"बँकेले माहीत, मंग आमाले काहून नाही? मत तं आमीच देतो."

सर बराच वेळ त्या पेन्सिलीच्या चिठ्ठीकडे पाहत राहिले. मग त्यांनीच आपल्या फोनवरून व्यापाऱ्याला पुन्हा पुन्हा लावायला घेतलं.

साडेचारला पक्क्या पट्टीचा फोटो आला. पथकप्रमुखांनी रक्कम सोडली. नोंदवहीत रकमेच्या स्रोताच्या रकान्यात मी लिहिलं : कापूस विक्री, १६ क्विंटल. काकांनी कॅमेऱ्यासमोर नोटा दोनदा मोजल्या, दुपट्ट्याला तीन गाठी मारल्या आणि ऑटो कधीच निघून गेला होता म्हणून पायीच गावाच्या दिशेनं निघाले.