लाल स्टारचा रकाना: फोनवरून समुपदेशन करतानाचा माझा अनुभव

एप्रिल २०२१. 'ब्रेक द चेन'चे निर्बंध नुकतेच लागले होते आणि आमच्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयाने आवाहन काढलं: कोविड रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना फोनवरून मानसिक आधार द्यायला स्वयंसेवी समुपदेशक हवेत. मी समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलंय, शाळेत बरीच वर्षं हेच काम करते. लिंक उघडली. नाव, शिक्षण, अनुभव, भाषा सगळं भरलं आणि खाली आला 'नोंदणी क्रमांक'. लाल स्टारसकट. तो भरल्याशिवाय पान पुढे जाईना. अजूनही कुठल्या फॉर्मवर तो स्टार दिसला की माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, त्यांना मेडिकल कौन्सिलचा नंबर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वसन परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा. नुसतं एम.ए. करून समुपदेशन करणाऱ्यांची नोंदणी करणारी सरकारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. शाळा-कॉलेजांत, संस्थांत, हेल्पलाइनवर मात्र आमच्यासारखेच कितीतरी जण. त्याच्या आदल्याच महिन्यात संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला होता आणि त्याच्या यादीत मानसशास्त्राचं काम करणारेही होते. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाच्या हातात नंबर पडत नाही.

कार्यालयात फोन लावला. "आरसीआय नाही, तर मग तुम्ही समुपदेशक कशा?" मी समजावलं. पलीकडून सल्ला आला, "काहीही टाका मॅडम. शून्य टाका. पुढे तर जाईल."

नाही टाकलं. आठवड्याभराचा कोर्स करून 'माइंड एक्स्पर्ट'चा बोर्ड लावणारे आमच्या क्षेत्रात कमी नाहीत, त्यांच्या रांगेत मी कशाला उभी राहू? 'लागू नाही' लिहून बघितलं, तर रकाना फक्त आकडे घेणारा. पुन्हा फोन. या वेळी दुसरे साहेब. त्यांचं म्हणणं, संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणा, सही-शिक्क्यानिशी. शाळा बंद. मुख्याध्यापक गावी. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क पॉझिटिव्ह. मुख्याध्यापकांनी बिचाऱ्यांनी साध्या कागदावर लिहून, सही करून फोटो पाठवला. तो पुढे पाठवला तर उत्तर: "ओरिजिनल लागेल. समक्ष आणून द्या." समक्ष कशी येऊ, सगळं बंद आहे म्हटलं, तर म्हणे ई-पास काढा.

जे काम घराबाहेर पाऊल न टाकता करायचं, त्यासाठी ई-पास काढून कागद पोचवायचा! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आदळली.

तोवर ओळखीपाळखीतून फोन यायला लागलेच होते. कुणाचा भाऊ ऑक्सिजनवर, कुणी घरात एकटंच विलगीकरणात. म्हणजे काम चालू होतं, फक्त यादीत नाव नव्हतं. मग यादीचा अट्टाहास का? कारण यादीत असलं की पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असतो, रुग्ण पुढे पाठवायला रस्ता असतो. एकट्याने आपल्या मोबाइलवर असली प्रकरणं घेणं धोक्याचं, आपल्यासाठीही आणि समोरच्यासाठीही.

सुटलं कसं, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी सांगितलं, "एकेकटीने फॉर्म भरत बसू नका. तुमच्या विभागाकडून सगळ्यांची एकच यादी मेल करा." आमच्या विद्यापीठ विभागातल्या मॅडमनी पदवी आणि अनुभवाची वर्षं लिहून यादी पाठवली. संध्याकाळपर्यंत मंजूर. नंबर कुणी विचारला नाही, पत्र नाही, शिक्का नाही. आनंद झालाच, पण त्याहून जास्त चीड आली. तेव्हा पहिला सल्ला हाच: अशा वेळी गटाने जा.

प्रशिक्षण ऑनलाइन झालं. मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र तेच: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. फोनवर 'पाहा' कसं करायचं हे आपलं आपणच शिकायचं. आवाज, श्वास, मागचा टीव्ही, मधेच गप्प होणं.

अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत. काहींना वाटायचं ओटीपी मागणारा भामटा, काहींना वाटायचं आता सेंटरवर उचलून नेतील. आधी मेसेज टाकायचा, मग फोन. आणि तरी दर वेळी आधी ती कोरोनाची कॉलर ट्यून! भेदरलेल्या माणसाने आपल्याला उलट फोन करायचा, तर आधी त्यालाही तेच ऐकावं लागणार.

पहिला प्रश्न 'कसं वाटतंय' नाही, तर 'आत्ता शेजारी कोण आहे?' दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर सुनेने सासूसमोर काय बोलायचं? मग मी हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारायची, किंवा ती गच्चीत जाऊ शकेल ती वेळ ठरवायची.

हो, आणि पत्ता! पत्ता आणि घरातल्या आणखी एकाचा नंबर सुरुवातीलाच घ्यायचा. बोलणं जिवाच्या गोष्टीवर आलं आणि रेंज गेली, तर मग कुठे शोधणार? जीव द्यायचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. ज्याला दम लागलाय त्याला 'दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा' असले व्यायाम सांगू नयेत. तिथे आधी ऑक्सिमीटरचा आकडा विचारायचा आणि डॉक्टर गाठून द्यायचा. बेड आणि रेमडेसिव्हिरसाठीचे फोनही आम्हालाच यायचे, त्यामुळे कंट्रोल रूमचा नंबर समोर भिंतीवर चिकटवलेला बरा. आईला शेवटचं बघता आलं नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला मात्र काहीही सांगायचं नसतं. फोन धरून बसायचं. तो बोलेल तेव्हा बोलेल.

सिम वेगळं घ्या, हे सांगायचं राहिलंच. माझ्या घरच्या नंबरवर जून संपला तरी रात्री-अपरात्री फोन येत होते.

आता १० ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू आहे. १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत, मराठीतही. त्यामुळे पुढे पाठवायला निदान एक पक्का नंबर आहे. तरीही उद्या पुन्हा अशी वेळ आली आणि तुम्हाला कुणी स्वयंसेवक म्हणून बोलावलं, तर होकार द्यायच्या आधी विचारा: आमच्यामागे मानसोपचारतज्ज्ञ कोण, रात्री त्यांना कुठल्या नंबरवर गाठायचं, आणि फोनच्या नोंदी कुणाकडे राहणार. उत्तरं मेलवर मागा. 'आहेत ना डॉक्टर' असं तोंडी सांगितलं तर त्यावर जाऊ नका.