खर्डा परत पाठवताना

वृत्तलेखनाच्या आमच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात दर पंधरवड्याला एक बातमी लिहून द्यायची असते. ३०० शब्द, विषय आपल्या परिसरातला. विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारे. कुणी परळच्या रुग्णालयात परिचारिका, कुणी भांडुपच्या कारखान्यात सुपरवायझर, कुणी रोज विरार-चर्चगेट करणारा. कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, मोबाइलवर टाइप होते, बरीचशी लोकलमध्येच. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर ती माझ्याकडे येते आणि त्यावर अभिप्राय लिहून मी ती परत पाठवते.

अनेक वर्षं मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. डेस्कवर वाईट कॉपी आली की ती सुधारून पानावर लावायची, हे माझं काम होतं. बातमीदार शेजारी उभा असला तर तोंडी चार गोष्टी सांगायच्या. शिकवताना नेमकी हीच सवय आड येते. विद्यार्थ्याची बातमी मीच सुंदर करून दिली तर बातमी सुधारते, विद्यार्थी होता तिथेच राहतो. कॉपी त्याच्या हातून सुधारायला हवी, आणि त्यासाठी माझं म्हणणं त्याच्यापर्यंत वेळेत पोचायला हवं.

पहिला अडथळा गुणांचा. दहापैकी सहा दिसले की वाचणं तिथेच थांबतं. खाली मी अर्धं पान लिहिलेलं असायचं आणि तरी फोन यायचा, “मॅडम, माझे चार मार्क कुठे गेले?” यात मी त्यांचा दोष मानत नाही. पहिलीपासून आपण मुलांना गुणपत्रिका वाचायलाच शिकवतो. शिवाय यातल्या काहींनी २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर एखादा अभ्यासक्रम केलेला असतो. तिथे एका अभ्यासक्रमाला हजारो विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे पर्याय निवडायचे प्रश्न संगणकच तपासतो. एवढ्या मोठ्या वर्गाला तेच शक्य आहे. पण बातमी तशी तपासता येत नाही.

शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांचा १९८८ सालचा एक अभ्यास या वळणावर मला फार उपयोगी पडला. इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेली मुलं मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. शेजारी गुण आले की अभिप्राय वाया जातो, हे मी रोज बघत होतेच.

मग मूडलवर एका बातमीचे दोन गृहपाठ केले. आधी ‘पहिला खर्डा’, त्याला गुणच नाहीत. माझा अभिप्राय वाचून सुधारलेला ‘अंतिम मसुदा’ द्यायचा, त्याला दहा गुण. पहिला खर्डा दिल्याशिवाय दुसरा गृहपाठ उघडणारच नाही, अशी सेटिंग ठेवली. समन्वयकांना काळजी वाटत होती की गुण नाहीत तर कुणी लिहिणार नाही. सगळ्यांनी लिहिलं. अंतिम मसुद्याची वाट पहिल्या खर्ड्यातूनच जात होती ना.

आता लिहायचं काय? एका विद्यार्थ्याच्या बातमीची सुरुवात भातसा, तानसा, वैतरणा अशी मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची नावं आणि पाणीसाठा इथून होती. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत पाण्याची वेळ संध्याकाळवरून पहाटे तीनवर गेली आणि बायकांच्या झोपेचं खोबरं झालं, ही बातमी आली तिसऱ्या परिच्छेदात. यावर ‘विषय चांगला, मांडणी सुधारा’ असं लिहिता येतं. पण मांडणी सुधारायची म्हणजे सकाळी उठून काय करायचं, ते त्याला त्यातून कळणार नाही. मी लिहिलं: “तुमची बातमी तिसऱ्या परिच्छेदातल्या ‘पहाटे तीन’पासून सुरू होते. ते वाक्य इंट्रोत, म्हणजे अगदी सुरुवातीला, आणा. तलाव शेवटी जाऊ द्या, जागा कमी पडली तर काढा. वस्तीत किती घरं आहेत ते विचारून लिहा. वॉर्ड ऑफिसचं म्हणणं नाही, ते घ्या. भाषेकडे आत्ता बघू नका.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते. त्या कॉपीत दिसलेलं सगळं एकदम सांगायचा मोह आवरणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. न्यूझीलंडचे शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये अभिप्रायाचे तीन प्रश्न मांडले: कुठे पोचायचंय, आत्ता कुठे आहोत, पुढचं पाऊल कोणतं. मी प्रत्येक अभिप्राय पाठवण्याआधी एवढंच तपासते की तिसऱ्याचं उत्तर त्यात आहे ना. आणि ‘तुम्ही हुशार आहात’सारखं माणसाबद्दलचं कौतुक शिकायला सर्वात कमी कामाला येतं, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणून कौतुकही मी कामाचंच करते: “नळाखाली हंडे लावायचा क्रम तुम्ही उभं राहून पाहिलाय, ते वाचताना कळतं.”

शुद्धलेखनाचं वेगळं. मोबाइलवरच्या कॉपीत ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतातच. सगळ्या दाखवल्या तर पान लाल होतं आणि विद्यार्थी इंट्रो विसरून वेलांट्या दुरुस्त करत बसतो. त्यामुळे त्या मी अंतिम मसुद्यावरच दाखवते, तेही फक्त पहिल्या परिच्छेदातल्या. खाली लिहिते, “याच प्रकारच्या आणखी पाच आहेत, शोधा.” शोधलेली चूक पुढच्या बातमीत सहसा परत येत नाही.

रचनेबद्दलचं बोलणं मात्र मी हल्ली आवाजात पाठवते. मूडलच्या चौकटीतच ध्वनिमुद्रणाची सोय आहे, दोन मिनिटं पुरतात. लेखी ‘हे वाक्य काढा’ कोरडं वाटतं. तेच मी का म्हणतेय हे बोलताना आपोआप सांगितलं जातं. परिचारिका विद्यार्थिनी रात्रपाळीहून परतताना कानाला हेडफोन लावून ते ऐकते. दादरला गाडी बदलेपर्यंत दोनदा ऐकून होतं, म्हणाली.

पण सगळ्यात मोठा फरक पडला तो खर्ड्याबरोबर एक चिठ्ठी मागितल्यावर. कुठे अडलात? कशावर माझं मत हवंय? सुरुवातीला ‘सगळंच बघा मॅडम’ असं यायचं. मग हळूहळू प्रश्न येऊ लागले: दोन माणसांची परस्परविरुद्ध विधानं कशी मांडायची, नाव छापू नका म्हणाले तर काय करायचं. मागितलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस वाचतोच. अंतिम मसुद्याबरोबर आणखी एक चिठ्ठी असते: काय बदललं, काय बदललं नाही, आणि का.

यातल्या ‘का’साठी मी जीव टाकते. बेस्टच्या जुन्या डबलडेकर बस १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटच्या धावल्या. एका विद्यार्थिनीने त्यावर लिहिताना कंडक्टरच्या एका वाक्याने सुरुवात केली होती. तारीख आणि मार्ग वर आणा, असं मी सुचवलं. तिने अंतिम मसुद्यातही ते वाक्य वरच ठेवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: “तारीख सगळ्यांनी आधीच छापली आहे. माझ्याकडे नवीन फक्त कंडक्टर आहेत.” अगदी बरोबर! सूचना तोलून, कारण देऊन नाकारणं तिला जमलं, याचा मला झालेला आनंद मी तिला आवाजातच कळवला.

हल्ली काही कॉप्या एआयकडून लिहून घेतलेल्या येतात. त्यांनाही माझा अभिप्राय तसाच असतो: “तुम्ही कुणाशी बोललात? कुठे उभे होतात? तिथलं एक वाक्य द्या.” उत्तरासाठी जागेवर जावंच लागतं, आणि जाऊन आल्यावर बातमी बहुधा स्वतःच्या शब्दांत येते.

वेळ खूप जातो. वारंवार लागणाऱ्या सूचनांची एक फाइल मी ठेवली आहे, पण पहिली दोन वाक्यं प्रत्येकाच्या कॉपीतूनच घेते. खर्डे बुधवारी येतात, शुक्रवारी रात्री परत जातात, म्हणजे शनिवार-रविवार लिहायला मिळतो. रविवारी ड्यूटी असणाऱ्यांना मंगळवार. पुढच्या सत्रात बॅच दुप्पट करायचा विचार आहे, असं संस्थेतून कळलंय. दोन खर्ड्यांची पद्धत ठेवायची असेल तर तपासायला आणखी एक शिक्षक द्या, असं मी लेखी कळवलंय.