गिरणीच्या अलीकडे

"काकू, मॅपवर पोचलोय, पण बिल्डिंग दिसत नाहीये," कुरिअरवाला पोरगा वैतागून म्हणत होता. आईने स्वयंपाकघरातूनच फोन खांद्यात धरून सांगितलं, "टिळकनगरच्या शाळेवरून सरळ ये. गिरणी लागेल, तिच्या अलीकडे डावीकडे. चिंचेसमोरची इमारत."

शाळा आहे. गिरणी बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. चिंच पडली तेव्हा मी बारावीत होतो. पोरगा दोन गल्ल्या फिरला आणि शेवटी इस्त्रीवाल्याला विचारून घामाघूम होऊन दारात उभा राहिला. इस्त्रीवाल्याला 'गिरणी' म्हटल्याबरोबर कळलं होतं.

डोंबिवलीत पत्ता सांगायचा तर पहिला प्रश्न, ईस्ट की वेस्ट? रुळांपलीकडची डोंबिवली ही आम्हा ईस्टवाल्यांना परगावच. 2019 ते 2021 कोपरचा पूल बंद होता, तेव्हा सगळ्या गाड्या ठाकुर्लीच्या पुलावर. वेस्टला राहणारी माझी आत्या त्या काळात आली की चहाच्या आधी तिला पाणी द्यायचं आणि वाटेतल्या वाहतुकीची कहाणी ऐकायची. त्याच ठाकुर्लीकडे एका रस्त्याचं नावच '90 फुटी'. टेप घेऊन कोणी मोजायला गेलं असेल असं वाटत नाही.

पत्ता न सांगता चालतं अशी जागा एकच, फडके रोड. "देवळाशी भेटू" म्हटलं की कुठलं देऊळ हे कोणी विचारत नाही. गणेश मंदिर संस्थान 1924 चं. पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा 1999 मध्ये इथूनच सुरू झाली आणि मग गावोगावी गेली, हे कुठलाही डोंबिवलीकर न विचारता सांगतो. मीही सांगितलंच. दिवाळीच्या पहाटे त्या रस्त्यावर नवे कपडे घालून नुसतं उभं राहायला तरुण पोरं येतात. तिथे माझी बायको मला पहिल्यांदा दिसली असं मी सांगतो. ती म्हणते, त्याआधी वर्षभर आपण रोज एकाच रिक्षाच्या रांगेत होतो.

इमारतींच्या नावांवर भरवसा ठेवू नये. कृपा, छाया, सदन यांच्या आधी कुठला तरी देव लावायचा की झालं नाव. आमच्याच गल्लीत एका नावाच्या दोन इमारती. एकीचं लाइटबिल दुसरीत पडतं आणि त्या निमित्ताने चाळीस वर्षं जाणं-येणं टिकलं आहे.

माणसांचेही पत्ते असेच. तळमजल्यावरचे काका 'सात-चाळीसवाले'. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, लोकलचं वेळापत्रक कितीदा बदललं, पण काका सात-चाळीसवालेच. मी 'बँकेतल्यांचा धाकटा'. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, माझे कल्ले पांढरे झाले, तरी वाणी उधारीच्या वहीत तसंच लिहितो. नाव बदलायची सोय नाही. दहावीला गणितात किती पडले हेसुद्धा त्या वहीत असावं असा मला संशय आहे. रात्री उशिरा आलं की सकाळी दूधवाल्याआधी कोणी तरी विचारतं, "काल गाडी लेट होती का?" चिडायला होतं. पण आई बाथरूममध्ये पडली तेव्हा मी कांजूरमार्गच्या आसपास होतो. गाडी ठाण्याला पोचेपर्यंत तिला दवाखान्यात नेऊन, पायाचा फोटो काढून, वरच्या काकूंनी तिला मऊभात भरवलाही होता. आमच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे कधीपासून आहे, हे मला आजही ठाऊक नाही.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. चार मजले, लिफ्ट नाही, सगळ्यांचे गुडघे साठीपुढचे. विरोध कोण करणार? सभेत तासभर भांडण झालं ते कार्पेट एरियावर नाही, तर नव्या इमारतीच्या नावावर. बिल्डरला काहीतरी इंग्रजी हवं होतं. सात-चाळीसवाले म्हणाले, "ठेवा काय ठेवायचं ते. सांगताना आम्ही आमचंच सांगणार."

आम्ही पाठच्या गल्लीत भाड्याने आलोय. जुन्या जागी निळे पत्रे, आत खड्डा आणि खड्ड्यात पावसाचं पाणी. परवा गॅसवाल्याचा फोन आला. आई नेहमीच्या शांतपणे म्हणाली, "गिरणीच्या अलीकडे वळ, आणि आमच्या बिल्डिंगच्या मागे ये."

सिलिंडर दहा मिनिटांत आला.