बाराही महिने दिनमान तीस घटका

आम्ही युगांडात राहतो म्हटल्यावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ती विषुववृत्ताची रेघ बघायची असते. कंपालाहून मसाकाच्या रस्त्याला लागायचं, सत्तरेक किलोमीटरवर कायाब्वे म्हणून गाव आहे, तिथे रस्त्याच्या कडेला माणसाहून उंच पांढरं सिमेंटचं कडं उभं केलंय, त्यात उभं राहून एक पाय उत्तर गोलार्धात नि दुसरा दक्षिणेत असा फोटो काढायचा आणि मग शिलिंग मोजून पाण्याचा खेळ बघायचा. खाली भोक असलेली तीन पसरट भांडी असतात, एक रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे, एक बरोब्बर रेघेवर. पाणी ओततात, वर एक फूल टाकतात. फूल एकीकडे उजवीकडून फिरतं, दुसरीकडे डावीकडून, आणि रेघेवर गपचूप सरळ खाली. पाहुणे खूश, व्हिडिओ लगेच फॅमिली ग्रुपवर.

खरं म्हणजे ती सगळी पाणी ओतणाऱ्या हाताची कमाल आहे. पृथ्वीच्या फिरण्याने वारे वळतात, वादळं गरगरतात हे खरं, पण विषुववृत्तापासून चार पावलांवर तो परिणाम जवळजवळ शून्यच असतो, म्हणून तर रेघेच्या दोन्ही बाजूंना पाचेक अंशांत चक्रीवादळ सहसा तयारच होत नाही. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीच्या अ‍ॅशर शपिरो नावाच्या प्रोफेसरांनी हे भांड्यात दाखवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना सहा फुटी टाकी घेऊन पाणी चोवीस तास अजिबात न हलवता ठेवावं लागलं, आणि तेही बोस्टनजवळ, रेघेपासून बेचाळीस अंश वर. पण मी पाहुण्यांना हे सांगत नाही, पैसे दिलेले असतात, कशाला उगाच.

मला विचाराल तर विषुववृत्त तिथे दिसतच नाही, ते घरात दिसतं. आमच्या गल्लीतल्या टीव्हीच्या डिश बघा. पुण्यात सगळ्या डिश दक्षिणेकडे तोंड करून तिरक्या उभ्या असतात कारण ते उपग्रह विषुववृत्ताच्या वर टांगलेले. इथे ते डोक्यावरच म्हणजे डिश गच्चीवर जेवणाच्या ताटासारखी उताणी, पाऊस पडला की तिच्यात पाणी साचतं आणि कावळे येऊन पितात. कपड्यांचंही तसंच. आमच्या घराला एक बाल्कनी उत्तरेला नि एक दक्षिणेला, घर घेताना मी पुण्याच्या हिशोबाने दक्षिणेकडची चांगली म्हणून दोरी तिथे बांधली, ती डिसेंबरात मस्त चालली, आणि जूनमध्ये ऊन पलीकडच्या बाल्कनीत! सूर्य सहा महिने उत्तरेकडून जातो, सहा महिने दक्षिणेकडून, आता दोन्हीकडे दोऱ्या आहेत आणि सूर्याबरोबर आमच्या चादरी इकडून तिकडे जातात.

पण सगळ्यात भारी म्हणजे इथलं घड्याळ. मुंबईत जूनमधला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास जातो नि डिसेंबरात अकरावर येतो, इथे वर्षभर बारा तास आणि वर काही मिनिटं, बस. उजाडणं वर्षभर साडेसहा ते सातच्या मध्ये. मग दिवस सूर्य उगवल्यापासून मोजायला काय हरकत आहे? इथे साधारण तसाच, सकाळी सहापासून, मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. इथल्या लुगांडा भाषेत ‘सावा बिरी’ म्हणजे दोन वाजले, पण मनगटावरच्या घड्याळात तेव्हा काटा आठवर असतो आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही, काट्याच्या बरोब्बर समोरचा आकडा वाचायचा की झालं. केनिया, टांझानियात स्वाहिली बोलणारेही असंच मोजतात. आमच्याकडे येणारा सुतार इंग्रजीत दहाला येतो म्हणतो आणि त्याच वेळी फोनवर बायकोला चार वाजता जाणार म्हणून सांगतो, आणि येतो बाराला, तो उशीर मात्र दोन्ही घड्याळांत सारखाच.

आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही. आपल्याही पंचांगाचा दिवस सूर्योदयालाच सुरू होतो, लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवायचे तेव्हा घटका उजाडल्यापासूनच मोजायचे, एक घटका चोवीस मिनिटांची, अहोरात्रीच्या साठ. फक्त आपल्याकडे दिवस लहानमोठा होतो म्हणून पंचांगात रोजच्या रोज दिनमान छापावं लागतं. कंपालाचं पंचांग काढलं तर त्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीस घटका आणि वर पंधरा-वीस पळं (साठ पळांची एक घटका), तेच ते. संक्रांतीला तिळातिळाने दिवस मोठा होतो हे इथे जन्मलेल्या मुलांना समजावताना माझी जाम पंचाईत होते, कारण होतच नाही.

नातेवाईकांना मात्र एकच काळजी, तिकडे केवढं ऊन असेल गं. अहो, नागपूरच्या मे महिन्यापुढे कंपाला म्हणजे हिल स्टेशन, समुद्रसपाटीपासून बाराशेक मीटरवर, दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस डिग्री, पहाटे पांघरूण लागतं. आणि उंची सोडली तरी खरी भाजणारी जागा विषुववृत्त नाहीच. इथे हवा तापून वर जाते, ढग होतात, पाऊस पडतो, नि तीच कोरडी होऊन पंचवीस-तीस अंशांवर खाली उतरते, म्हणून सहारा तिकडे आणि हिरवी केळीची बनं इकडे. पावसाळे वर्षातून दोन, एक मार्च ते मे, दुसरा सप्टेंबर ते नोव्हेंबर, सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो त्याच्या मागोमाग. दिवसच्या दिवस झड लागत नाही, दुपारी तासभर असा कोसळतो की बोडाबोडावाले, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाले, गाड्या सोडून दुकानांच्या पत्र्याखाली, आणि मग परत लख्ख ऊन.

जूनमध्ये आमचा पाऊस उघडतो आणि आईचे साताऱ्याहून फोन सुरू होतात, यंदा काही लक्षण दिसत नाही म्हणून. तिला मी एकदा सांगितलं की तुमचा मान्सून आमच्या बाजूनेच येतो. दक्षिण हिंदी महासागरातले वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून विषुववृत्त ओलांडतात, केनिया-सोमालियाशी उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्राची वाफ घेऊन केरळ, कोकण, मग घाट. तो जो वळवणारा जोर आहे तो हाच, भांड्यातल्या फुलाला जो कधी वळवत नाही तोच, त्याला हजारो किलोमीटरचा समुद्र लागतो. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते ठीक आहे, पण निघालाय का तिकडून ते बघून सांग, सोयाबीनचं बियाणं आणून ठेवलंय.