आमची वाटचाल : चार माग ते चोवीस माग, आणि आप्पांची रीडिंगची वही

नमस्कार मंडळी. आमचा यंत्रमागाचा कारखाना इचलकरंजीत आहे, चोवीस साधे माग, मी दुसऱ्या पिढीतला. वाटचाल लिही असं मित्र कधीपासून म्हणत होते पण दरवेळी लिहायला बसलो की गाडी लाईट बिलावरच जाऊन थांबायची, मग म्हटलं तिथूनच लिहू, कारण खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात कधी वाढायचं, कधी थांबायचं, कामगार किती ठेवायचे हे बऱ्याचदा विजेच्या दरानंच ठरवलंय.

आप्पा म्हणजे माझे वडील 1978 ला दुष्काळी भागातून इथं आले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला, तेव्हापासून या गावात हातात पैसा नसलेला पण काम करायची तयारी असलेला माणूस येतो आणि मागावर उभा राहतो, आप्पा त्यातलेच एक. आधी कांड्या (आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्या) भरल्या, मग सहा माग चालवले, मग जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या, हाताखाली शिकले आणि 1991 ला एका मालकाचे जुने चार माग हप्त्यावर घेऊन भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकले. आई कांड्या भरायची आणि शाळेतून आलं की मी आणि ताई तिथंच पोत्यावर बसून अभ्यास करायचो. मागाच्या त्या खडखडाटाशिवाय मला आजही नीट झोप येत नाही. लाईट गेली की गाव एकदम गप्प व्हायचं आणि आम्ही जागे व्हायचो.

आप्पांची एक सवय होती. सकाळी आणि रात्री शिफ्ट बदलताना मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं, शेजारी किती मीटर कापड निघालं ते लिहायचं. शिक्षण चौथी, पण वही एक दिवस चुकली नाही. त्या वह्या अजून माझ्याकडं आहेत, लाल कापडी बांधणीच्या, एकूण सतरा. लहानपणी मला वाटायचं लाईटवाले चुकीचं रीडिंग घेतील म्हणून लिहितात. नंतर कळलं की ते एका मीटर कापडामागं वीज किती जाते हे बघत होते. एखादा माग जास्त युनिट खायला लागला की त्यांना वहीवरूनच कळायचं, मग बेअरिंग बघ, पट्टा सैल आहे का बघ, मोटर गरम होतेय का बघ, असं चालायचं.

आता ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण हे कळल्याशिवाय दरवाढीला आम्ही एवढं का घाबरतो ते कळणार नाही. आम्ही खर्चीवाले. म्हणजे सूत आमचं नाही, कापडही आमचं नाही. व्यापारी बीम (उभे धागे गुंडाळलेला मोठा रूळ) आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत देतो, आम्ही विणून देतो आणि पिकावर मजुरी घेतो. पीक म्हणजे आडवा धागा, एका इंचात किती बसतात त्यावर हिशोब. 52 पिकाचं कापड घ्या, एका मीटरला 39.37 इंच, म्हणजे साधारण 2047 वेळा धोटा (आडवा धागा नेणारा) इकडून तिकडं जातो तेव्हा एक मीटर होतं. मजुरी मात्र एका इंचातल्या पिकांवरच धरतात, समजा पिकाला मीटरमागं 6 पैसे मिळाले तर 52 पिकांचे मीटरला 3 रुपये 12 पैसे. यातच कामगाराची मजुरी, जॉबर, कांडीवाली, घडी, दिवाणजी, ऑईल, धोटे, शेडचं भाडं किंवा बँकेचा हप्ता आणि लाईट बिल. उरलं तर आपलं.

आमच्या वहीप्रमाणे एक माग बारा तासाच्या शिफ्टला साडेपाच ते सहा युनिट घेतो आणि 38 ते 40 मीटर कापड देतो. म्हणजे मीटरला पाव युनिटही नव्हे, जेमतेम 0.15 युनिट. ऐकायला काहीच नाही ना? पण युनिटमागं 1 रुपया वाढला तर मीटरमागं 15 पैसे गेले, आणि आमच्या हातात मीटरमागं सगळा खर्च जाऊन जे राहतं ते कित्येक महिने 15-20 पैशाच्या आसपासच असतं. चोवीस माग, दोन शिफ्ट, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर कागदावर सात हजार युनिटच्या पुढं जातं, बीम संपणं, खाडे, सण धरून साडेसहा हजार. एक रुपया वाढला की महिन्याला साडेसहा हजार. ते मी कुणाकडून घेऊ? हॉटेलवाला चहा दोन रुपयांनी वाढवतो, गिरणीवाला दळणाचा दर वाढवतो, मला मजुरी वाढवून मागायची तर व्यापारी म्हणतो शेजारचा जुन्या दरात विणतोय, नको असेल तर बीम उतरव. ज्याच्या हातात स्वतःचा दर नाही त्याच्यासाठी टक्क्यांची भाषा कामाची नाही, सरासरी अमुक टक्के वाढ असं बातमीत येतं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मीटरमागं किती पैसे हेच येतं.

तर वाटचाल. 1991 चे चार, 1996 ला आठ, 2004 ला बारा आणि स्वतःची जागा. 2005 च्या जून महिन्यात जुनं वीज मंडळ जाऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या, आमच्या बिलावरचं नाव बदललं. आप्पा तरी शेवटपर्यंत "बोर्डाचं बिल" च म्हणायचे. त्या वर्षांत लोडशेडिंग जोरात होतं, रात्रीच्या शिफ्टचे कामगार बंद मागाजवळ बसून राहायचे, त्यांची मजुरी मीटरवर असल्यामुळं त्यांचंही नुकसान आणि आमचंही, सायझिंगमधून (सुताला खळ लावतात तिथून) बीम आलेले तसेच पडून राहायचे. 2012 ला बँकेचं कर्ज काढून चोवीस केले आणि तिथं थांबलो.

का थांबलो ते लोक विचारतात, शेडमध्ये अजून चार माग सहज बसतात, मुलगा पण म्हणतो पप्पा जागा मोकळीच आहे. पण एक मोटर एक हॉर्सपॉवरची, चोवीसच्या चोवीस, वर कांडी मशीन, लाईट, पंखे, झालं 26. आणि यंत्रमागाच्या विजेच्या सवलतीची रेषा 27 हॉर्सपॉवरवर आहे. 27 च्या आत एक दर आणि एक सवलत, 27 च्या वर गेलं की दर वेगळा, स्थिर आकार (वापर नसला तरी भरायचा तो) विजेच्या मागणीवर लागतो, पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी येते त्याचं माप) सांभाळायचा, सगळं गणितच वेगळं. 2024 च्या मार्चमध्ये सरकारनं जादा सवलत दिली तीसुद्धा 27 च्या आतल्यांना युनिटला 1 रुपया आणि वरच्यांना 75 पैसे. सवलतीबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे, ती नसती तर निम्मं गाव बंद पडलं असतं, पण चार माग वाढवले तर फायदा होईल का तोटा हे ठरवताना मी कापडाची मागणी बघत नाही, मीटरचा लोड बघतो, हे दुःख आहे. चार माग वाढले असते तर अजून दोन घरं चालली असती.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माग पूर्ण बंद होते. कामगारांपैकी बिहार यूपीचे गेले, इथले घरी बसले, आप्पांनी त्या काळातही वहीत रोज रीडिंग लिहिलं, तोच आकडा, रोज तोच आकडा, खाली मीटरच्या रकान्यात शून्य. स्थिर आकार कसा असतो ते मला तेव्हा खरं समजलं, युनिट शून्य असलं तरी तो रकाना शून्य नसतो. 2021 ला आप्पा गेले. शेवटच्या पानावर संध्याकाळचं रीडिंग आहे, सकाळचं माझ्या अक्षरात.

त्यानंतर मी या विषयात खरा लक्ष घालायला लागलो. आधी मला वाटायचं दर सरकार ठरवतं आणि आपण फक्त मोर्चाला जायचं. मग आमच्या संघटनेच्या बैठकीत कळलं की वितरण कंपनी प्रस्ताव मांडते, वीज नियामक आयोग तो तपासतो आणि 2003 च्या वीज कायद्याप्रमाणं सामान्य ग्राहकाला हरकत घेता येते, तीही फुकट, साध्या मराठीत. वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे आमच्याच गावचे, वीजगळती किती, शेतीपंपांचा वापर किती धरलाय यावर ते कित्येक वर्षं आयोगापुढं आकडे मांडत आलेत, त्यांचं ऐकूनच आमच्यासारखे बरेच जण बिलाची मागची बाजू वाचायला शिकले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांतून पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाचा खर्च बदलला की लागणारा), वीज शुल्क, एवढे रकाने असतात हे मला वयाच्या चाळिशीत कळलं, आणि नुसता वीज आकार बघून दर वाढला का नाही ते कळत नाही हे पण तेव्हाच.

2023 च्या सुरुवातीला वितरण कंपनीचा दरवाढीचा प्रस्ताव आला होता त्यात 67,643 कोटींची तूट दाखवली होती. एवढा आकडा वाचून आमच्या गल्लीत कुणाला जेवण गेलं नाही असं म्हटलं तरी चालेल. आम्ही चौघं मालक रात्री कारखान्यातच बसलो, आप्पांच्या वह्या काढल्या, बारा वर्षांचं मीटरमागं युनिट काढलं आणि हरकत लिहिली. पुण्याच्या जनसुनावणीला पहाटेची गाडी पकडून गेलो. तिथं मोठ्या कारखान्यांचे सल्लागार होते, शेतकरी होते, घरगुती ग्राहक होते, एक आजी फक्त आपल्या दोन खोल्यांचं बिल घेऊन आल्या होत्या. बोलायला मिनिटं थोडी मिळतात. माझे पाय कापत होते, मी सगळं पाठ केलेलं विसरलो आणि वही उघडून सरळ वाचलं, एका मीटरला इतकं युनिट, इतके पैसे, मजुरी इतकी, राहतात इतके. ऐकून घेतलं, लिहून घेतलं. 31 मार्च 2023 ला आदेश आला, मागणीपेक्षा वाढ बरीच कमी झाली, सरासरी पहिल्या वर्षी 2.9 आणि दुसऱ्या वर्षी 5.6 टक्के. माझ्या वहीमुळं झालं असं मी अजिबात म्हणत नाही, हजारो हरकती होत्या, पण त्यातली एक आमची होती याचं समाधान आजही आहे.

2025 चं मात्र अजून आठवतं आणि त्रास होतो. 28 मार्चला आयोगाचा पुढच्या पाच वर्षांच्या दरांचा आदेश आला आणि दर कमी होणार अशा बातम्या सगळीकडं. दुसऱ्याच दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा फोन, म्हणाले, "मालक, वीज स्वस्त झाली म्हणं, आता पिकाला थोडं कमी करा की." बिल अजून यायचं होतं आणि मजुरी कमी करायची मागणी आधी आली! मी म्हटलं शेठजी बिल तर येऊ द्या. चार-पाच दिवसांत त्या आदेशाला स्थगिती मिळाली, मग 25 जूनला फेरविचाराचा आदेश आणि 1 जुलैपासून नवे दर. मधल्या तीन महिन्यात कुठल्या दरानं मजुरी बोलायची हेच कळत नव्हतं. आमच्या शेजारच्या दोघांनी बातमी वाचून मजुरी कमी कबूल केली होती, ती त्यांना नंतर वाढवून मिळालीच नाही.

2025 च्या त्याच दरांच्या प्रस्तावात वेळेप्रमाणं दराची गोष्ट होती, रात्रीची सवलत काढून ती दिवसा सकाळी 9 ते संध्याकाळी 5 द्यायची, कारण दिवसा सोलरची वीज भरपूर असते. विजेच्या बाजूनं बघितलं तर बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही. पण माग दिवसरात्र चालवावा लागतो, एकाच शिफ्टमध्ये कर्जाचा हप्ता निघत नाही. मग सोलर बसवा म्हणतात, चांगलंच आहे, आम्ही माणूस बोलावून बघितलं, पण आमचं छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं, खाली जुन्या लाकडी कैच्या, वजन पेलायचं तर आधी छप्परच बदलायला लागतं, आणि निम्मं उत्पादन तर रात्रीचंच.

आणि हे फक्त मालकाचं दुखणं नाही हो. आमच्याकडं दोन्ही शिफ्टचे मिळून आठ कामगार, एक जॉबर, दोन कांडीवाल्या मावशी. त्यातल्या थोरल्या मावशींनी मागच्या वेळी मला विचारलं, "मालक, लाईट वाढली तर माग बंद करणार का?" त्यांच्या घरचं बिल पण वाढणार होतं, त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आधी मागाचं विचारलं. दर वाढतो तेव्हा आमच्यासारखे खर्चीवाले पहिल्यांदा रात्रीची शिफ्ट बंद करतात, म्हणजे चार कामगार एका झटक्यात कमी. दोन वर्षांत आमच्या बोळातले तीन कारखाने असेच आधी एका शिफ्टवर आले आणि मग माग भंगारात वजनावर गेले. भिवंडी, मालेगाव, विटा, सोलापूर सगळीकडच्या माणसांशी बोलतो, गोष्ट तीच आहे.

आता आम्ही बोळातले सात मालक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकत्र बसतो, सगळ्यांची बिलं समोर ठेवतो आणि मीटरमागं विजेचा खर्च काढून फळ्यावर लिहितो. व्यापाऱ्याशी बोलताना सातही जण तोच आकडा सांगतात. यावर्षी एका व्यापाऱ्यानं पहिल्यांदा कबूल केलंय की लाईटचा दर बदलला तर मजुरीवर परत बसून बोलू, लिहून नाही दिलं पण चार माणसांत बोललाय. मुलगा वहीतलं सगळं मोबाईलमध्ये भरतोय, सतरा वह्यांपैकी नऊ झाल्यात. ज्यांच्याकडं असा हिशोब नाही त्यांनी आजपासून दोन शिफ्टची रीडिंग लिहायला सुरू करा, काही अडलं तर मला विचारा, संध्याकाळी सहानंतर मी कारखान्यातच असतो, जरा मोठ्यानं हाक मारावी लागेल एवढंच.