हत्तीवर हल्ला असताना

एका डावाच्या स्कोअरशीटची कार्बन प्रत गेली कित्येक वर्षं माझ्या पंचगिरीच्या बॅगेत पडून आहे. ती आयोजकांकडे जायला हवी होती. स्पर्धा संपल्यावर बाकीच्या प्रतींचा गठ्ठा बांधून दिला, ही एक मागे ठेवली. आता ती इतकी फिकट झालीय की चौदावी चाल वाचायला कागद खिडकीसमोर धरावा लागतो. आणि मला वाचायची असते ती चौदावीच.

७ जून २०१६, मंगळवार. शाळा उघडायच्या आधीची शेवटची रेटिंग स्पर्धा, त्यामुळे हॉल पोरांनी खच्चून भरलेला. रोज दोन फेऱ्या, प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव. बुद्धिबळाचा पंच म्हणजे शांत हॉलमध्ये हात मागे बांधून फिरणारा सुखी माणूस, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सकाळचा पहिला तास मोबाइल जमा करण्यात, 'माझ्या मुलाला पंख्याखालचा बोर्ड द्या' म्हणणाऱ्या पालकांना दाराबाहेर काढण्यात आणि खुर्चीवर गुडघे टेकून बसणाऱ्या आठ वर्षांच्या ग्रँडमास्टरांना नीट बसवण्यात जातो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते निम्मं कानांनी चालतं. घड्याळावर थाप जरा जोरात पडली की समजावं, तिथे काहीतरी शिजतंय. उरलेलं निम्मं डोळ्यांनी, पण पटावर बघायचं नाही. हातावर बघायचं. सोंगटीला बोट लागलं की नाही, आधी कुठल्या सोंगटीला लागलं, ती सोडली कधी, घड्याळ त्याच हातानं दाबलं का. पंच डावात रमला की प्रेक्षक झाला. नव्या पंचांना मी हे पहिल्याच दिवशी सांगतो. त्यांतले निम्मे परीक्षेत उत्तम मार्कांनी पास झालेले असतात आणि आयुष्यात धड पन्नास डावही खेळलेले नसतात. त्यांचे हात पाठीमागे आणि नजर छताकडे.

आदल्या दिवशी, ६ जूनला, व्हिक्टर कोर्चनॉय स्वित्झर्लंडमध्ये वारला. वयाच्या ८५ व्या वर्षी. रात्री स्विस मॅनेजर या सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या फेरीच्या जोड्या काढत बसलो होतो तेव्हा मित्राचा फोन आला. आयोजकांना म्हटलं, सकाळी एक मिनिट शांतता पाळू. ते म्हणाले, "पाळा की. पण कोण हो हे?"

सकाळी माइक हातात घेतला. सांगितलं की एक फार मोठा खेळाडू गेला. चार वेळा सोव्हिएत विजेता, आणि त्या काळात सोव्हिएत विजेतेपद जिंकणं कित्येकदा जगज्जेतेपदाइतकंच कठीण होतं. दोनदा जगज्जेतेपदाचा आव्हानवीर, दोन्ही वेळा सोव्हिएत जगज्जेता अनातोली कार्पोव्हकडून पराभूत. पुढच्या रांगेतल्या एकानं हात वर केला. "सर, पीक रेटिंग किती?"

"२६९५."

"सत्तावीसशे पण नाही?"

पोरं हसली. ते १९७९ चं रेटिंग होतं आणि तेव्हा तो जगात दुसऱ्या क्रमांकावर होता, हे सांगेपर्यंत लक्ष उडालं होतं. क्लासवाले पोरांना ओपनिंगच्या वीस-वीस चाली पाठ करून घेतात, माणसं मात्र शिकवत नाहीत. असो. शांतता पाळली. मिनिटभरात दोन पाण्याच्या बाटल्या पडल्या.

अख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस माझ्या सांगण्याआधी उभा राहिला होता. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, वय ७१. आमच्या प्रत्येक स्पर्धेला यायचे, रेटिंग दरवर्षी घसरायचं, फी दरवर्षी भरायचे. तरुणपणी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळलेले. दर चालीला एक कार्ड, एक डाव दीड-दोन वर्षं चालायचा. १९७८ साली फिलिपिन्समधल्या बागियोत झालेल्या कार्पोव्ह-कोर्चनॉय जगज्जेतेपदाच्या लढतीचे सगळे ३२ डाव त्यांनी वहीत उतरवून ठेवले होते. शांतता संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पंचसाहेब, पाच-दोन होतं हो. पाच-दोन!"

ते काय म्हणतायत ते आम्हा दोघांनाच कळलं. बागियोत जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, असं ठरलं होतं. सत्ताविसाव्या डावानंतर कार्पोव्ह ५-२ नं पुढे. हवा होता एकच डाव. ४७ वर्षांच्या कोर्चनॉयनं पुढच्या चार डावांतले तीन जिंकले. ५-५. मग बत्तिसावा हरला.

ही लढत आम्हा पंचांच्या बिरादरीत नेहमी निघते, पण बुद्धिबळापेक्षा भलत्याच कारणांनी. कार्पोव्हला खेळताना योगर्टचा कप आणून दिला, तर कोर्चनॉयच्या गोटातून तक्रार: यात सांकेतिक निरोप असू शकतो. शेवटी योगर्ट ठरल्या वेळी, ठरल्या रंगाचं द्यायचं, असा तोडगा निघाला. कोर्चनॉयच्या खुर्चीचा एक्स-रे काढला. प्रेक्षकांत एक सोव्हिएत परामानसशास्त्रज्ञ टक लावून बसायचा, म्हणून कोर्चनॉय आरशासारखा चष्मा घालून आला, वर ध्यान शिकवायला दोन आनंदमार्गी आणले. मुख्य पंच लोथार श्मिड यांच्या सहनशक्तीला माझा दंडवत. पंख्याखालच्या बोर्डाची कटकट त्यापुढे काहीच नाही. आपला विश्वनाथन आनंद त्याच सुमारास वडिलांच्या नोकरीमुळे मनिलात राहत होता, आणि त्या लढतीनं फिलिपिन्सभर बुद्धिबळाचं वारं सुटलं होतं.

लोकांना योगर्ट आठवतं. मला तो माणूस आठवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यातून वाचलेलं पोर. १९७६ साली ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेनंतर परत गेलाच नाही. सोबतच्या इंग्लिश खेळाडूला 'पॉलिटिकल असायलम'चं स्पेलिंग विचारून घेतलं, असं सांगतात. बायको आणि मुलगा तिकडेच अडकले, मुलानं लष्करभरती नाकारली म्हणून तुरुंगात गेला. बाप १९८१ साली इटलीतल्या मेरानोत पुन्हा कार्पोव्हसमोर बसला तेव्हा मुलगा आतच होता. तो सामना ६-२ नं गेला. पण माणूस थांबला का? २००६ ला ज्येष्ठांचा जगज्जेता, २०११ ला ८० व्या वर्षी स्वित्झर्लंडचा विजेता, आणि त्याच वर्षी जिब्राल्टरला अठरा वर्षांच्या फाबियानो कारुआना या ग्रँडमास्टरला हरवलं. स्वभावानं मात्र तिखट. हरला की समोरच्याला चार शब्द सुनावल्याशिवाय उठायचा नाही.

तर फेरी सुरू झाली. काका पांढऱ्यानं, समोर दहा वर्षांचा मुलगा. हुशार पोरगा, एका नावाजलेल्या क्लासचा. दीड तास झाला असेल. मी त्या रांगेतून चाललो होतो, काकांच्या बोर्डापासून दोन टेबलं अलीकडे. सवयीनं नजर हातांवर.

काकांचा हात एच-१ या कोपऱ्यातल्या घरावरच्या हत्तीवर गेला. बोटं हत्तीच्या माथ्यावर टेकली. हत्ती किंचित कलला, पण उचलला नाही. हात तिथेच घुटमळला. मग बोटं सुटली, राजावर गेली, राजा जी-१ वर, हत्ती एफ-१ वर. किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग: राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचे. हीच ती चौदावी चाल. घड्याळ दाबलं.

पोरानं लगेच हात वर केला. "सर! इल्लीगल!"

माझा सहायक आधी पोचला. मी जाईपर्यंत त्यानं पट बघून मान डोलावली होती आणि मुलाला दोन मिनिटं वाढवून द्यायला घड्याळ हातात घेतलं होतं. पोराची तक्रार अशी: काळ्याचा उंट बी-७ वर, मधला कर्ण पूर्ण मोकळा, पांढऱ्याचं जी-२ चं प्यादं कधीच गेलेलं, म्हणजे एच-१ चा हत्ती थेट माऱ्यात. "हत्तीवर हल्ला असताना कॅसलिंग करता येत नाही. आम्हाला क्लासमध्ये शिकवलंय."

हे साफ चूक. राजाला शह असेल, राजा माऱ्याच्या घरावरून जात असेल किंवा तिथे पोचत असेल, तर किल्लेकोट नाही. हत्तीवर हल्ला असेना का, हरकत नाही. मी सहायकाच्या हातून घड्याळ घेतलं आणि खाली ठेवलं.

आणि मग मला मोह आवरला नाही. योगायोगच तसा होता. १९७४, मॉस्को, जगज्जेत्या फिशरचा आव्हानवीर ठरवणारा सामना, कोर्चनॉय विरुद्ध कार्पोव्ह, एकविसावा डाव. कोर्चनॉयचा हत्ती एच-१ वर, काळ्याचा उंट डी-५ वरून नेमका त्याच्यावर रोखलेला. कोर्चनॉय उठला आणि पंच ओ'केली यांना विचारलं, हत्तीवर हल्ला असताना किल्लेकोट चालतो का? चार वेळचा सोव्हिएत विजेता! इतक्या वर्षांत तशी वेळच आली नसावी. पंच म्हणाले, चालतो. त्यानं अठराव्या चालीला किल्लेकोट केला, एकोणिसाव्या चालीनंतर कार्पोव्हनं डाव सोडला. तो सामना कोर्चनॉय तरीही ३-२ असा हरला, १९ डाव बरोबरीत. पुढच्या वर्षी फिशर खेळायला आला नाही आणि कार्पोव्ह न खेळताच जगज्जेता झाला. म्हणजे तेव्हाही एकाच डावाचं अंतर.

हे सगळं मी दबक्या आवाजात, घड्याळ थांबवून, त्या दोघांना सांगितलं. पोरगा डोळे मोठे करून ऐकत होता. सहायक खजील. काका पटाकडे बघत होते. माझी छाती फुगलेली. वर म्हणालो, "सकाळी ज्यांच्यासाठी उभे राहिलात ना, तेच हे." घड्याळ सुरू केलं, पुढच्या रांगेत गेलो.

तिसऱ्या टेबलाशी पोचल्यावर डोक्यात उजेड पडला.

आधी हत्तीला हात, मग राजाला. नियम स्पष्ट आहे: जाणीवपूर्वक आधी हत्ती आणि मग राजा शिवलात, तर त्या बाजूला त्या चालीत किल्लेकोट नाही, हत्तीच हलवायचा. पोरानं चुकीचं कलम लावलं, पण काहीतरी खटकलं म्हणूनच हात वर केला असेल. आणि तक्रारीची गरजच काय? पंचानं स्वतः पाहिलं की पंचानंच बोलायचं. मी पाहिलं होतं. तो कललेला हत्ती आत्ताही दिसतोय. फिरून मागे बघितलं. पोरानं तोवर चाल केली होती, काकांनीही उत्तर दिलं होतं.

परत जायला हवं होतं का? त्या घडीला जाऊन काय सांगणार होतो, मगाशी गोष्ट सांगण्याच्या नादात नियम विसरलो? नाही गेलो.

'जाणीवपूर्वक' हा शब्द मी तेव्हापासून चघळतोय. काकांचा हात थरथरायचा, तो चुकून टेकला असेल. पण चुकून टेकलेला हात घुटमळत नाही. हत्ती जी-१ ला न्यायचा विचार होता, मग बेत बदलला, असंच मला दिसलं. त्या रात्री घरी डाव इंजिनवर, म्हणजे संगणकातल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमवर, टाकला. किल्लेकोटानंतर बरोबरी. हत्ती जी-१ नंतर पांढऱ्याचा राजा मध्येच अडकतो आणि काळा सरळ वरचढ.

तक्रार काकांनी केली असती आणि हत्ती पोरानं शिवला असता, तर मी काय केलं असतं? याचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच ते आवडत नाही. कोर्चनॉयची जन्मभराची तक्रार हीच होती की मॉस्कोत सगळी यंत्रणा एकाच खेळाडूचं भलं चिंतत होती. पदाधिकारी, पेपरवाले, झाडून सगळे. हे जाहीर बोलून दाखवल्याबद्दल त्याला परदेशी खेळायलाही काही काळ बंदी झाली. त्या पदाधिकाऱ्यांनाही आपण फार मोठ्या गोष्टीच्या बाजूनं आहोत असंच वाटत असणार.

डाव साडेतीन तास चालला. चाळिसाव्या चालीच्या आसपास पोरानं बरोबरी देऊ केली, काकांनी मान हलवली. शेवटी पटावर राजांसोबत फक्त हत्ती आणि प्यादी उरली असताना पोरगा चुकला. दोघांनी सह्या केल्या. पोराची सही रडवेली, अर्धी कागदाच्या बाहेर. काका उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजचा पॉइंट व्हिक्टरचा." माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. मी विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षं ते स्पर्धांना येत होते, तेव्हाही नाही.

दारात पोराचे वडील उभे होते. भांडायला आले असतील म्हणून मी तयारीत. पण माणूस सभ्य निघाला. "सर, तो म्हणतोय तुम्ही त्याला एक छान गोष्ट सांगितलीत. आमच्या क्लासच्या सरांना दाखवायचंय, नियम कुठे लिहिलाय?"

मी बॅगेतून नियमपुस्तिका काढली, किल्लेकोटाचं कलम उघडून धरलं. पुस्तिका अशी की डाव्या पानावर ते कलम आणि समोरच्या उजव्या पानावर सोंगटी शिवण्याचे नियम, हत्ती-राजाचं पोटकलम मी स्वतःच पिवळ्या पेननं रंगवलेलं. त्यांनी मोबाइल वर धरला. मी अंगठा डाव्या पानावर ठेवला होता, म्हणजे पान मिटू नये. दुसरा हात उजव्या पानावर पसरला.

"हात जरा बाजूला घ्या ना सर," ते म्हणाले, "सावली पडतेय."

मी हात काढला. त्यांनी दोन्ही पानांचा फोटो घेतला.